घड्याळ स्वस्त झालं, आकड्यांचं काय?



"डॉक्टर, पंधराशेच्या घड्याळात बीपी, ऑक्सिजन, ठोके सगळं येतं. मग लोक चाळीस हजार कशाला घालवतात?" हा प्रश्न गेल्या तीन-चार वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हणतो. उलटा प्रश्नही येतो. "मुलानं अमेरिकेहून महागातलं घड्याळ पाठवलंय, आता घरातलं बीपीचं मशीन कुणाला देऊन टाकू का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर दुकानदाराकडे मिळणार नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. म्हणून आज पथ्य-पाणी बाजूला ठेवू आणि बाजाराबद्दल बोलू, कारण तुमच्या मनगटावरचा आकडा तिथूनच येतो.

डॉक्टर आणि घड्याळ

इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावचे डॉक्टर जॉन फ्लोयर यांनी १७०७ साली एक पुस्तक काढलं, 'द फिजिशियन्स पल्स वॉच'. तोवर डॉक्टर नाडी पाहायचे ती बोटांच्या अंदाजानं: जलद, मंद, भरलेली, क्षीण. नेमके ठोके मोजायचे तर सेकंद कळायला हवेत, आणि त्या काळच्या खिशातल्या घड्याळांना सेकंदकाटा सहसा नसायचा. फ्लोयर यांनी कारागिराकडून मुद्दाम एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं आणि रुग्णांची नाडी मोजून आकडे लिहून ठेवायला सुरुवात केली. बाकीच्या डॉक्टरांनी पुढची शंभरेक वर्षं ते फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. फ्लोयर यांच्या घड्याळानं नाडी मोजली नव्हती. नाडी त्यांनी बोटांनी मोजली. घड्याळानं फक्त वेळ सांगितली.

पन्नास वर्षांपूर्वीची किमतींची लढाई

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइको कंपनीनं 'ॲस्ट्रॉन' हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा जपानमध्ये छोटी मोटार यायची. चावीचं चांगलं घड्याळही दिवसाला काही सेकंद पुढेमागे व्हायचं; हे महिन्याला पाच सेकंद. १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीनं लाल आकडे दाखवणारं 'पल्सार' आणलं, किंमत २,१०० डॉलर. आणि मग चारच वर्षांत, १९७६ ला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनं प्लास्टिकचं आकडेवालं घड्याळ २० डॉलरला बाजारात टाकलं. पुढच्या वर्षी ते १० डॉलरवर आलं. या लढाईत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९० हजार नोकऱ्या पुढच्या दीड दशकात जेमतेम एक तृतीयांश उरल्या.

आपल्याकडेही हेच घडलं, जरा उशिरानं. एचएमटीनं १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला चावीची घड्याळं बनवली. दहावी पास झालेल्या मुलाला किंवा लग्नात जावयाला एचएमटी द्यायचं, हा घराघरातला रिवाज होता. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटननं सुरुवातच क्वार्ट्झनं केली. एचएमटीची चावी हळूहळू मागे पडली आणि २०१६ साली सरकारनं तो घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला.

या पडझडीत गिऱ्हाइकाचं काय बिघडलं? काहीच नाही. आज फुटपाथवर शंभर-दोनशे रुपयांना मिळणारं क्वार्ट्झ घड्याळही वेळ बरोबर दाखवतं. किंमत हजारपट खाली आली, पण वेळ खोटी झाली नाही. याचं कारण साधं आहे: वेळ तपासता येते. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून आपण घड्याळ लावायचो. घड्याळ लबाडी करत असेल तर चार दिवसांत एसटी चुकायची आणि घड्याळ दुकानात परत जायचं. म्हणजे कंपनीला स्वस्त करण्याची मुभा होती, खोटं करण्याची नव्हती.

जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ती ओळखता येत नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे हटतो, असं त्यांचं म्हणणं. स्मार्टवॉचचा बाजार समजून घ्यायला मला याहून सोपी किल्ली सापडलेली नाही.

पावलांपासून ठोक्यांपर्यंत

आरोग्याचा आकडा अंगावर बाळगायची सवय जपाननं लावली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली यामासा कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आज तुमचं घड्याळ दहा हजार पावलं झाली की थरथरतं, त्या आकड्याचं मूळ या नावात आहे, कुठल्या वैद्यकीय प्रयोगात नाही. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वयस्कर स्त्रियांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसाला साधारण ७,५०० पावलांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. ४,४०० पावलांनाही चांगला फायदा होता. तेव्हा साठी ओलांडलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या माझ्या वाचकांनी रात्री साडेदहाला हॉलमध्ये फेऱ्या मारून दहा हजार पुरे करायची गरज नाही.

तरी पावलं हा यातला बरा प्रकार. ती तपासता येतात. स्वतः मोजून शंभर पावलं चाला आणि घड्याळात किती वाढली ते पाहा, पाच मिनिटांत निकाल.

ठोक्यांचं तसं नाही. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८२ साली खेळाडूंसाठी छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी ठोके दाखवणारं यंत्र आणलं. तो पट्टा हृदयाची वीज वाचतो, ईसीजीसारखी. मनगटावरचं घड्याळ वीज वाचत नाही, प्रकाश वाचतो. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो, रक्त तो शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढ-उतारावरून घड्याळ ठोके ठरवतं. बसलेल्या माणसात हे छान जमतं. हात हलला, पट्टा सैल असला, हात गार पडला की प्रकाशात इतर गोंधळ मिसळतो, आणि त्या गोंधळातून ठोका शोधायचं काम आतल्या गणिताचं. चीनमध्ये काही वर्षांपूर्वी लोकांनी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला घड्याळ बांधलं आणि घड्याळानं तिचे ठोके सांगितले, हा विनोद इथून जन्मला.

या तंत्रावर बाजार फार वेगानं भरला. २००९ ला फिटबिटचं पहिलं यंत्र आलं, ९९ डॉलरचं, फक्त हालचाल मोजणारं. २०१२ ला 'पेबल'नं सामान्य लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन एक कोटी डॉलरवर रक्कम जमवली. २०१४ ला शाओमीनं चीनमध्ये ७९ युआनचा, म्हणजे तेव्हाच्या सात-आठशे रुपयांचा पट्टा काढला. २०१५ ला ॲपलचं घड्याळ ३४९ डॉलरपासून सुरू झालं. त्याचीच सोन्याची आवृत्ती १० हजार डॉलरपासून पुढे होती, आणि आतला ठोक्यांचा सेन्सर मात्र तोच. ठोक्याला काय कळणार बाहेरून सोनं आहे ते!

गिऱ्हाईकं भांडली नाहीत असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत फिटबिटवर ग्राहकांनी दावा लावला, की जोरात व्यायाम करताना ठोके चुकीचे येतात. कंपनीनं आरोप नाकारला. दुसऱ्या वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात वेगवेगळी मनगटी यंत्रं ६० लोकांवर तपासली. सातपैकी सहा यंत्रांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे ठीक. पण जाळलेल्या कॅलरींत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के! कॅलरींचा आकडा बघून जेवणात दोन पुरणपोळ्या वाढवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

ऑक्सिजनचं वर्ष

मग आला कोविड. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. जगभर लोक ऑक्सिमीटर शोधत फिरत असताना, एप्रिल २०२० मध्ये ते वारले. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर मिळेनासे झाले आणि मिळाले तर वाटेल त्या भावाला. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली.

घड्याळं या यादीत नव्हती. असायचं कारणही नव्हतं, कारण कागदोपत्री ती वैद्यकीय उपकरणंच नाहीत. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, पण उपकरण कशासाठी आहे, हे बनवणाऱ्यानं काय म्हटलंय त्यावरून ठरतं. खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरांत 'ऑक्सिजन मॉनिटर' आणि मागे बारीक अक्षरांत 'वैद्यकीय वापरासाठी नाही' लिहिलं की सुटका. ही बारीक अक्षरं महाग कंपन्याही छापतात, एवढं न्यायाला धरून सांगायला हवं.

भीती होती, गरज होती, ऑक्सिमीटरचा तुटवडा होता. अशा वेळी नॉइज, बोट, फायर-बोल्ट या भारतीय ब्रँडांनी घड्याळात ऑक्सिजनचा आकडा देऊन किंमत पाच हजारांच्या, मग दोन हजारांच्या खाली आणली. २०२२ च्या अर्थसंकल्पात मनगटी यंत्रांसाठी आयात शुल्काची पायरी अशी आखली की जुळणी देशात व्हावी. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत भारत उत्तर अमेरिकेला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा स्मार्टवॉच बाजार झाला, असं काउंटरपॉइंट या संस्थेनं नोंदवलं. आयडीसी या दुसऱ्या संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशात ५ कोटी ३४ लाख घड्याळं बाजारात गेली. २०२४ मध्ये हा आकडा साडेतीन कोटींवर घसरला. पहिलं स्वस्त घड्याळ वापरून अनेकांचा हिरमोड झाला आणि दुसरं घ्यावं असं त्यांना वाटेना, हे त्यामागचं एक कारण.

लढाई कशावर झाली ते पाहा. स्क्रीन मोठी, पट्टा बदलता येणारा, फोन घेता येणारा, शंभर खेळांची यादी, आणि छापील किंमत ७,९९९ खोडून १,४९९. या सगळ्या गोष्टी दुकानात उभं राहून बघता येतात. ऑक्सिजन खरा की खोटा हे दुकानात कळत नाही. कळावा तरी कसा? निरोगी माणसाचा ऑक्सिजन ९५ ते १०० असतो. घड्याळानं नुसतं ९७ लिहून दाखवलं तरी शंभरातले नव्वद लोक समाधानानं घरी जातील. चूक उघडी पडते ती न्यूमोनियाच्या रुग्णात, ज्या दिवशी खरा आकडा ८६ असतो.

मनगटाची अडचणही खरी आहे. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये प्रकाश आरपार जातो. मनगटात हाडं, म्हणून परत फिरणाऱ्या प्रकाशावर भागवावं लागतं. शिवाय कातडीचा रंग. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की रुग्णालयातला ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असणं, हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं. ही गोष्ट रुग्णालयाच्या यंत्राची. आपण सावळी माणसं, आणि मनगटावर दीड हजाराचं घड्याळ.

बीपी आणि शुगर

इथे मी जरा कडक बोलणार आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, ओमरॉन कंपनीच्या एका घड्याळाला बीपी मोजायची मान्यता दिली. त्याच्या पट्ट्यात खरोखर हवा भरणारा छोटा कफ होता, आणि किंमत ४९९ डॉलर. सॅमसंगला २०२० मध्ये दक्षिण कोरियात मान्यता मिळाली ती कफशिवाय, पण दर चार आठवड्यांनी दंडावरच्या मशीननं बीपी घेऊन घड्याळाला शिकवायचं, या अटीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलला मान्यता मिळाली ती फक्त 'तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो, तपासून घ्या' एवढं सुचवण्यापुरती. वरचा-खालचा आकडा ते घड्याळ देतच नाही. आणि इकडे हजार-पंधराशेचं घड्याळ वीस सेकंदांत १२०/८० लिहून देतं. इतक्या मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते याला जमलं असेल, की ते ठोक्यांवरून अंदाज ठोकत असेल? बीपीची गोळी त्या आकड्यावर बंद करू नका. दंडाला लावायचं मशीन घरात असू द्या, मुलानं काहीही पाठवलेलं असो.

शुगरचं तर याहून वाईट. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी एफडीएनं स्पष्ट इशारा दिला, की अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे शुगर सेन्सर वेगळे, त्यांची बारीक तार कातडीखाली जाते. घड्याळ त्यांचे आकडे नुसतं दाखवत असेल तर हरकत नाही. पण नुसत्या घड्याळाच्या शुगरवर इन्सुलिनचे युनिट ठरवणं म्हणजे जिवाशी खेळ. आकडा चुकून जास्त आला आणि इन्सुलिन वाढवलं, तर माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो.

मग महाग म्हणजे खरं?

तसंही नाही. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्डनं केलेला अभ्यास, ज्याचा खर्च ॲपलनंच उचलला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ लोक. त्यांतल्या २,१६१ जणांना 'ठोके अनियमित आहेत' असा निरोप गेला. पुढे ज्यांच्या छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासलं त्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटण्याचा हा आजार; त्यात गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो, म्हणून तो वेळेत सापडण्याला मोल आहे. त्याच वर्षी चीनमध्ये हुआवेनं १,८७,९१२ लोकांवर असाच अभ्यास केला, आणि पाठपुरावा झालेल्या २६२ पैकी २२७ जणांत निदान पक्कं झालं. या अभ्यासात ऑनरचा स्वस्त पट्टाही होता! दोन अभ्यासांची टक्केवारी एकमेकांशी तोलू नका, पद्धती वेगळ्या होत्या. मला एवढंच दाखवायचंय, की स्वस्त यंत्रही नीट तपासता येतं, कंपनीनं मनावर घेतलं तर.

उलट महागाच्या बाजारात वेगळेच खेळ चालतात. ऑक्सिमीटर बनवणाऱ्या मॅसिमो कंपनीनं ॲपलवर पेटंट चोरल्याचा दावा केला. तो अमेरिकेच्या व्यापार आयोगानं उचलून धरला आणि जानेवारी २०२४ पासून ॲपलला तिकडे नवी घड्याळं ऑक्सिजनचा आकडा बंद ठेवून विकावी लागली. दीड वर्षानं, गणित फोनमध्ये करून, तो परत आणला. तुमच्या छातीतल्या ऑक्सिजनचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. फिटबिटनं २०१६ च्या अखेरीस पेबल गिळलं, आणि २०२१ मध्ये गुगलनं २१० कोटी डॉलर देऊन फिटबिट. युरोपच्या आयोगानं मंजुरी देताना अट घातली, की तिथल्या लोकांची आरोग्याची माहिती दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायची नाही. ही अट युरोपपुरती आहे. आपल्यासाठी नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर किमतीच्या आधी दुसरा प्रश्न विचारा: कशासाठी? चालायला उठवणारं कुणीतरी हवं, तर दीड हजाराचं घड्याळ पुरे. बसल्या जागी ठोके किती ते तुम्ही स्वतः तपासू शकता, फ्लोयर यांच्यासारखं: उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, पूर्ण एक मिनिट, आणि मग घड्याळाशी ताडून पाहा. चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. साठीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल, मधूनच धडधडत असेल, तर मुकुटावर बोट ठेवून ईसीजी काढणारं घड्याळ उपयोगाचं ठरू शकतं. मात्र घेण्याआधी त्या ईसीजीला कुठल्या देशाच्या औषध प्रशासनाची मान्यता आहे ते कंपनीच्या पानावर शोधा. पुसट लिहिलं असेल तर नाही असं समजा. आणि तो ईसीजी एकाच बाजूचा असतो, त्यात हार्ट अटॅक कळत नाही. छातीत दुखतंय, घाम सुटलाय आणि घड्याळ सगळं ठीक म्हणतंय, तर घड्याळ काढून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

खोक्यावर किंवा जाहिरातीत बीपी-शुगरचा खोटा दावा करून कुणी घड्याळ विकलं असेल, तर बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तपासणीला येताना घड्याळ जरूर घालून या. अनियमित ठोक्यांचा निरोप आला असेल तर त्याची तारीख-वेळ आणि ईसीजीची पीडीएफ आधीच फोनमध्ये काढून ठेवा. कॅलरींचा तक्ता मात्र घरीच राहू दे.